घास अडकतो का?

माझ्या मुलीच्या अन्ननलिकेला जुनी सूज आहे. रायपूरचे डॉक्टर दर महिन्याला एक फॉर्म भरून मागतात: घास अडकतो का, छातीत जळजळ होते का, उलटी होते का. मी तिला विचारून सलग चार महिने सगळीकडे ‘नाही’वर खूण केली आणि भिलाईतल्या नातेवाइकांना पोर बरी झाल्याचं सांगत सुटले. मग दुर्बिणीने तपासलं, तर सूज होती तशीच.

घरी येताना बसमध्ये मी चिडून म्हणाले, “तुले त्रास होते, तर मले कावून नाही सांगितलं?”

“तू विचारलं घास अडकते का. मी पोळी खातच नाही, तर अडकणार कैसे?”

डब्यातली पोळी ती रोज मैत्रिणीला देत होती. घरी वरणात कालवलेला भात, तोही घासागणिक पाणी पिऊन. ती शहाण्यासारखी जेवते म्हणून मी खूश होते.

पुढच्या फॉर्मवरही खुणा ‘नाही’वरच कराव्या लागल्या, म्हणून मी समासात हे सगळं लिहिलं. दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईंनी ते न वाचताच ‘हो’च्या खुणांची बेरीज केली.

“जीरो आया है,” त्या म्हणाल्या, “बढ़िया.”