भुशाची फळी

पुस्तकांच्या कपाटासाठी भुशाची फळी आली तेव्हा सागवानाशिवाय दुसरं लाकूड न मानणाऱ्या माझं तोंड वाकडं झालं. सुतार दामूकाकांनी ती कापली आणि ताजी कड माझ्यापुढे धरली. आंब्याची ढलपी, बाभळीचा कपचा, कुठल्याशा खोक्याचा तुकडा. चुलीत जायचे ते सगळे एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

"हिला पीळ पडत नाही. पाण्यानं मात्र फुगते," म्हणत त्यांनी कडेला पट्टी चिकटवली.

मी खाली पडलेला भुसा सुपलीत भरून कचऱ्याकडे निघालो.

"अहो, टाकताय काय? पोत्यात घाला. कारखान्यात परत जातो, पुढच्या फळीसाठी."

मी सुपली पोत्यात अलगद रिकामी केली. त्यात कुणाचं तरी कपाट होतं.