दादाभाऊंची आळ्याची टीम

आळे गावचे दादाभाऊ टेंपो चालवायचे. टोमॅटो पुण्याच्या मार्केटात उतरवला की सरळ घरी यायचं सोडून ते खडकीला गाडी लावायचे आणि जवानांची हॉकी बघत बसायचे. स्वतः कधी स्टिक हातात धरली नाही, पण खेळाचं वेड लई. गावच्या मंडळाची टीम उतरली की मैदानाच्या कडेला सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच.

शहाण्णव साली मंडळाचे अध्यक्ष रखमाजी, कांद्याचे व्यापारी, यांनी पुण्याहून चार खेळाडू पैसे देऊन आणले. त्या वर्षी तालुक्याची शील्ड आळ्याला आली. दादाभाऊंनी हॉर्न वाजवत फाट्यापर्यंत टेंपो नेला, पेढेही वाटले. पुढच्या वर्षी तेच चौघे जास्त पैसे देणाऱ्या टीमकडून खेळले. बाकावर बसून कंटाळलेली गावातली पोरं तोवर क्रिकेटकडे वळली होती. पहिल्याच मॅचला आळ्याचा धुव्वा उडाला.

देवळात बैठक झाली. रखमाजींचं म्हणणं, यंदा सहा आणू. दादाभाऊ उठून उभे राहिले.

"पाव्हणं आलं, खेळलं, गेलं. त्यापरीस मैदानातले दगड काढा. गुडघं फुटत्यात म्हणून पोरं वाकून खेळत न्हाईत."

"मग शील्ड कवा यायची?"

"दोन-चार वर्सं न्हाई यायची. पर हरलेल्या मॅचीला बी मी येईन."

पुण्याच्या खेळाडूंनी भाव वाढवलाच होता, त्यामुळे रखमाजीही फार ताणून धरू शकले नाहीत. मैदानावर मुरूम पडला, तो दादाभाऊंच्याच टेंपोतून. स्टिका आल्या, गोलकीपरचे पॅड आले. राहिला शिकवणारा. त्याला एकच माणूस होता, गावच्या टीमचा बचाव सांभाळणारा जुना बॅक भिका. पाहुण्या खेळाडूंसाठी त्याला बाकावर बसवला, तेव्हापासून तो मैदानाकडं फिरकला नव्हता. दादाभाऊ त्याच्या उसाच्या बांधावर जाऊन बसले. भिका पाण्याचं दार बदलत, एका सरीतलं पाणी दुसरीत वळवत राहिला. शेवटी म्हणाला, मी खेळणार न्हाई, पर पोरांना शिकवीन. दादाभाऊंना तेवढंच पुरे होतं.

पहिल्या वर्षी टीम हरली, दुसऱ्या वर्षीही. दादाभाऊ दिलेल्या शब्दाप्रमाणे प्रत्येक मॅचला हजर. दोन हजार साली सेमीफायनलला एका गोलने हार झाली, तेव्हा मात्र घरी येऊन ते चिडून म्हणाले, एक चांगला फॉरवर्ड बाहेरून आणला असता तर काम झालं असतं. त्यांच्या पत्नी कोंडाबाई भाकरी थापता थापता थांबल्या.

"देवळात उभं राहून बोलला व्हता, ते कोन व्हतं?"

दादाभाऊ हसले आणि ताट ओढून जेवायला बसले.

दोन हजार तीन साली शील्ड परत आली. अकराच्या अकरा पोरं गावचीच, आणि शेवटचा गोल भिकाच्या पुतण्याचा. रखमाजींनी सगळ्यांना जेवण दिलं. मिरवणुकीला टेंपो होता, पण यंदा हॉर्न वाजवायची दादाभाऊंना कुणीतरी आठवण करून द्यावी लागली. त्यांचं ध्यान सारं आरशात होतं. मागे हौद्यात भिका पोरांच्या मधोमध उभा होता, गुलालानं माखलेला, अन् गात होता.