भावोजींना न दिसलेला दगड

माझे भावोजी पुढे मंत्री झाले, हे आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालंय की पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात. पण ती वाट ज्या शिमग्यातून गेली, तो सहसा कुणी सांगत नाही. वकिली सांभाळून ते नुकते राजकारणात शिरले होते, निवडणूक वर्षावर आली होती, आणि माझ्या मिशा भरघोस म्हणून अक्काने त्यांचा रखवालदार म्हणून मला बैलगाडीत बसवलं.

पावसच्या अलीकडे एका गावात दोन वाड्यांचं भांडण होतं. देवीची पालखी आधी कुणाच्या अंगणात? भावोजींना दोन्हीकडची मतं हवी होती. त्यांनी तोड काढली: पालखी हद्दीवर थांबेल, दोन्ही मानकरी एकदम नारळ फोडतील, दोन्ही फुटले की रिवाजाप्रमाणे गुलाल.

एकाचा नारळ पहिल्या घावात फुटला. दुसऱ्याचा फुटला नाही. त्याने तो पहिल्याच्या टाळक्यात हाणला.

मग होळीची लाकडं, काठ्या, चिरे. एकाचा कान लोंबत होता. एक म्हातारा स्वतःचे दात मुठीत धरून शिव्या देत होता. पालखीच्या भोयांच्या पाठी रक्ताने भिजल्या, पण पालखी त्यांनी खाली टेकू दिली नाही. रखवालदार गाडीखाली, बैलाच्या मागच्या पायांशी होता. बैल बरा, तो निदान लाथा तरी झाडत होता.

"वकीलसाहेब, वाका!" ओरडत आमचा गाडीवान भावोजींच्या आडवा गेला. त्यांच्यावर आलेला दगड त्याच्या डोळ्यात बसला. दगड मारणाऱ्याचे मला पाय तेवढे दिसले. भावोजींना तो अख्खा दिसला. परतताना गाडीत ते स्वतःच म्हणाले, "मोठ्या वाडीच्या मानकऱ्याचा पुतण्या. सोडत नाही त्याला."

इस्पितळात गाडीवानाचा डोळा काढावा लागला. दुसऱ्या दिवशी तो मानकरी डोकं बांधून भावोजींकडे आला. "पोरगा सुटला तर अख्खी वाडी तुमची, साहेब."

दुपारी फौजदार इस्पितळात आला, घाटावरचा माणूस, इथल्या रिवाजांना नवखा. मी पाय पाहिल्याचं सांगितलं. पायांची जबानी तो लिहून घेईना. भावोजी गाडीवानाच्या खाटेशी उभे राहून म्हणाले, "गुलाल फार उडत होता. मारणारा दिसला नाही."

फौजदाराने ते लिहून घेतलं. बाजूच्या खाटेवरचा कोळी भिंतीकडे तोंड करून वळला.

"दुसरा नारळ फुटलाच नाय," गाडीवान पट्टीखालून म्हणाला, "तर गुलाल कुणी उधळला, साहेब?"

भावोजींनी छत्री उचलली.

पावसाळ्याच्या तोंडाला गाडीवानाने त्या पुतण्याला बाजारच्या वाटेवर गाठलं आणि जुवाच्या शिवळेने, त्या जाड लाकडी खुंटीने, त्याचे दोन्ही गुडघे फोडले. हाडं फुटल्याचा आवाज पलीकडच्या दुकानात ऐकू गेला म्हणतात. या वेळी सगळ्यांना दिसलं. भावोजी गाडीवानाचं वकीलपत्र फुकट घ्यायला तुरुंगात गेले, सोबत मी.

"तुमी नको," तो म्हणाला. "तुमाला दिसत नाय."

मोठ्या वाडीने शब्द पाळला. भावोजींनी मंत्रीपदाची शपथ घेतली त्या दिवशी गावात पेढे वाटले गेले, आणि गाडीवान रत्नागिरीच्या तुरुंगात काथ्या कुटत होता. अक्काने पेढा घेतला नाही. मी दोन खाल्ले.