डब्यात बोलणारे नाना

“मी ऐकतोय! अहो, मी हितंच हाय! समदं ऐकतोय मी!”

नाना ओरडत होते. हातात माईक, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि समोर रंगाचा एक जुना डबा. डब्यात काळपट तेल. त्या डब्याकडे बघून माणूस इतक्या कळवळ्यानं बोलत होता, की मी दारात एक चप्पल काढली आणि दुसरी काढायचं विसरलो.

आतल्या खोलीतून बाईचा आवाज आला, “कोन आलंय? पावण्यांना चहा टाका. आन डब्यालाबी कपभर टाका, घसा कोरडा पडला असंल त्याचा.”

ही माझी आणि नानांची पहिली भेट. रविवार, सकाळचे आठ. माझा महाळुंगे पडवळला विहिरीवरच्या मोटारी भरायचा धंदा. मोटार जळली की जुनं वेटोळं काढायचं आणि नवी तांब्याची वार, म्हणजे तार, भरायची. आमच्या भागात मोटारी इतक्या जळतात, की मी भरलेली वार सरळ केली तर चंद्राला दोन वेढे देऊन गाठ मारायला उरेल. खोडदच्या एका म्हाताऱ्यानं फोन करून केसाएवढी बारीक वार मागवली होती. एवढ्या बारीक वारेची मोटार मुंगीच्या विहिरीवर बसवतात की काय, हे बघायला मी स्वतः गेलो होतो.

नाना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल आता खोडदमध्ये लोक काहीही सांगतात. कुणी म्हणतं ते परदेशी हेरांशी बोलायचे, कुणी म्हणतं डब्यात पितर बसवले होते. तुम्ही त्यांचं ऐकू नका, माझं ऐका. मी फार तर निम्मं वाढवून सांगतो.

नाना भोसरीच्या एका कारखान्यात यंत्रं तपासायच्या खात्यात होते, आणि त्यांना हौशी रेडिओचं वेड होतं. म्हणजे रीतसर परवाना काढायचा, घरावर एरियलची तार ताणायची आणि हवेतून लांबलांबच्या माणसांशी गप्पा मारायच्या. त्यासाठी एकच खोकं लागतं, ऐकणारं आणि बोलणारं. जुन्या पिढीची खोकी काचेच्या दिव्यांची असत. नानांचा जीव होता त्यानंतरच्या ट्रान्झिस्टरवाल्या खोक्यांवर. तीही आता चाळीस वर्षांची म्हातारी झालेली. सुटे भाग मिळत नाहीत, नकाशे वाळवीनं खाल्लेले. अशी खोकी देशभरातून पार्सलनं खोडदला यायची आणि नाना त्यांना हिंडतीफिरती करून परत पाठवायचे. त्यांची पद्धत ठरलेली. खोकं उघडलं की आधी बोलायच्या बाजूला हात लावायचा नाही. “आधी कान, मग तोंड,” ते म्हणायचे. “ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं बोलून काय करायचं, मोटारवाले?”

आणि हाच माणूस स्वतः मात्र हवेत बोलत नव्हता.

खोडदच्या शिवारात त्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत. आभाळाकडे पसरलेल्या परातीच जणू, एकेकीत गावजेवणाचा भात मावेल. आकाशातून येणारी बारीकशी कुजबूज त्या ऐकत असतात. त्यातली एक नानांच्या खिडकीतून दिसायची. नाना तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “ती ऐकत बसलीया. कोन जाणे किती लांबचं ऐकतीया. तिच्या कानापाशी मी बोंबलू व्हय?”

“नाना, कुणी तुम्हाला नोटीस दिली का?”

“न्हाई.”

“मग विचारून तरी बघा. कायद्यात बसत असेल.”

“कायद्यात काय बी बसू दे. मला बसत न्हाई.”

म्हणून त्यांनी स्वतःच्या खोक्याला लगाम घातला होता. तार सोडवून, रिलेची, म्हणजे आतल्या वाट बदलणाऱ्या खटक्याची, जोडणी बदलून त्यांनी ऐकायची आणि बोलायची वाट कायमची वेगळी केली होती. एरियलवरून आलेला आवाज खोक्यात यायचा, पण नानांचा आवाज एरियलकडे जायचाच नाही. तो मागच्या दुसऱ्या भोकातून थेट त्या डब्यात जायचा. डब्यात विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरमधलं तेल आणि त्यात बुडवलेला एक भक्कम रेझिस्टर. बोललेलं सगळं तेलात जिरायचं, तेल कोमट व्हायचं, विषय संपला. दुरुस्त केलेलं खोकं तपासायला हे बरं. पण नाना तपासून झाल्यावरसुद्धा बोलत राहायचे.

कारण दर रविवारी आठ वाजता त्या खोक्यातून एक म्हातारा आवाज यायचा. कारवारकडचे एक पोस्टमास्तर, कधीच निवृत्त झालेले. भोसरीला असताना नाना त्यांच्याशी दर रविवारी हवेत बोलायचे. मग नानांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि ती दोन्ही बाजूंचं काम करू लागली. भोसरीची खोली तिसऱ्या मजल्यावर. नानांनी गाशा गुंडाळला आणि गावी आले. निघताना पोस्टमास्तरांना हवेतच सांगितलं, “आठ दिवसांत गावाकडं तार बांधतो आन आवाज देतो.”

त्या आठ दिवसांची पाच वर्षं झाली होती. पोस्टमास्तर अजून आवाज देत होते.

“नाना, ऐकता काय हो?” ते म्हणायचे. थोडा वेळ थांबायचे. “बरं. नसाल ऐकत. तरी सांगतो.” आणि मग मासळीतल्या बांगड्यांचा भाव, नातवाचं लग्न, गुडघ्याचं दुखणं. इकडे नाना डब्याला उत्तरं द्यायचे. “गुडघ्याला तीळतेल लावा हो! मागल्या टायमाला सांगितलं व्हतं!”

मी म्हटलं, “नाना, सरळ फोन करा की.”

“केला, तर पयलं काय इचारतील? हवेत कधी येताय? काय सांगू?”

“मग एखाद्या रविवारी डोंगराआड जाऊ. माझी पिकअप आहे. घाटघरला चला, तिथून बोला.”

नानांनी आतल्या खोलीकडे नुसती मान हलवली. काकूंना उचलायचं, कुशीवर वळवायचं, सगळं आवरायचं, हे नानाच करायचे. काकूंनी पहिल्याच महिन्यात जाहीर करून टाकलं होतं, “माझ्या अंगाला परका हात लागला तर मी जीभ चावून घीन.” आणि काकूंनी जीभ चावून घेणं म्हणजे गावाचं केवढं नुकसान! नाना दोन तासांच्या वर घराबाहेर नव्हते गेले. जुन्नरच्या बाजारालासुद्धा जाऊन उभ्या उभ्या परत. घाटघरला जायचं-यायचं आणि बोलायचं म्हणजे अर्धा दिवस.

मला खोडदची चटक लागली. वार पोचवायच्या निमित्तानं मी रविवारी तिथंच. एकदा तर उसातला बिबट्या नानांच्या अंगणात येऊन बसला आणि पोस्टमास्तरांचा बांगड्यांचा भाव ऐकून मिशा चाटत गेला. शपथ घालू नका.

मग एका रविवारी पोस्टमास्तर म्हणाले, “नाना, पुढचा रविवार शेवटचा हो. मुलगी बडोद्याला घेऊन जाते. सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, तिथे तार लावू देत नाहीत. सोमवारी पोरं येऊन खांब उतरवतील. पुढच्या रविवारी एकदा हाक मारीन. बस्स.”

नानांनी माईक डब्यावर ठेवला. मी छताकडे बघत राहिलो. तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, “मोटारवाले, तुमची बायको दणकट हाय का?”

“आहे की. मला उचलते.”

“मग पुढल्या रविवारी तिला हितं आणा, आन यांना घिऊन जावा.”

नाना दारात जाऊन उभे राहिले. “अगं, पन तू तर...”

“पाच वरसं ऐकतीया मी बी. त्या म्हाताऱ्याला काय वाटत असंल? जावा म्हनलं ना.”

बुधवारी खोक्यानं दगा दिला. आकडे दिसायच्या जागी नुसते ठिपके. कान बंद, तोंड बंद. मी म्हटलं संपलं. नानांनी झाकण काढलं, आतला एक पत्र्याचा कप्पा उघडला. सगळं खोकं ज्याच्या ठोक्यावर चालतं तो भाग त्या कप्प्यात. तो हलू नये म्हणून कारखान्यात त्यावर डिंकासारखं काहीतरी ओतलेलं असतं. चाळीस वर्षांत ते तपकिरी पडतं, ओल धरतं आणि वीज पिऊ लागतं. ते कणकण खरवडून काढायचं, तेही खालच्या केसासारख्या तारा न तोडता. पोलादी टोक चालत नाही. नानांनी मला बांधावर पाठवलं, बाभळीचे काटे आणायला.

तीन दिवस नाना काट्यांनी डिंक काढत होते. एक काटा बोथट झाला की दुसरा. मधे उठून काकूंना कुशीवर वळवायचे, हात धुवायचे, परत बसायचे. एक वेटोळं तुटलंच. ते माझ्याच वारेनं भरलं, माझ्या हातानं. आयुष्यात मी भरलेली सगळ्यात लहान मोटार ती. शनिवारी दुपारी ठिपके गेले, आकडे आले, आणि खोक्यातून कुणीतरी दोघं जण हवामानावर बोलताना ऐकू आले.

“आधी कान,” नाना म्हणाले. मग डबा जोडून त्यांनी माईकमध्ये दहापर्यंत आकडे मोजले. खोक्यावरच्या मीटरचा काटा सरसर चढला. “आता तोंडबी हाय.”

माझ्या बायकोला काकूंपाशी ठेवून रविवारी पहाटे निघालो. नाना पिकअपमध्ये पुढं, मांडीवर खोकं, आणि पायाशी तो डबा.

“डबा कशाला, नाना?”

“असू दे. डबा जोडल्याबिगर बटन दाबायचं न्हाई, सवय हाय.”

घाटघरच्या पुढं पठारावर वारा असा, की माझी पिकअप दोनदा माझ्याआधी पुढं गेली. एका हिरड्याच्या झाडावरून तार टाकली, पिकअपच्या बॅटरीवर खोकं जोडलं, नानांनी डबाही जोडला. बरोबर आठला आवाज आला, स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा.

“नाना, ऐकता काय हो?”

नानांनी बटण दाबलं. आणि मंडळी, तो माणूस बोलला! काकूंचा लकवा, तिसरा मजला, दुर्बीण, लगाम, पाच वर्षांचे रविवार, गुडघ्याचं तीळतेल. माफी मागितली. नातवाच्या लग्नाचा आशीर्वाद दिला. “तुमच्या आवाजावर माझा आठवडा निघायचा हो,” म्हणाले. डोळे वाहत होते, काटा नाचत होता. मी दगडावर बसून नाक शिंकरत होतो, वाऱ्यामुळं.

नानांनी बटण सोडलं.

“नाही वाटतं कोणी,” पोस्टमास्तर म्हणाले. “बरं. तरी सांगतो. काल सामान बांधलं.”

नानांनी माझ्याकडे बघितलं. “वाऱ्यात गेलं असंल.” परत बटण दाबून परत पहिल्यापासून सगळं सांगितलं. या वेळी घाईनं, मोठ्यानं. मी बसायला जागा करावी म्हणून डबा उचलून बाजूला ठेवायला गेलो आणि हात मागे घेतला.

“नाना.”

“थांब, मोटारवाले.”

“नाना, डबा तापलाय.”

माईक त्यांच्या हातातच राहिला. बुधवारपासून कप्पा उघडला, वेटोळं भरलं, सगळं तपासलं. पण लगाम स्वतःच घातलेला आणि पाच वर्षं अंगवळणी पडलेला. तो काढायचा असतो हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मनात साठवलेलं सगळं ते बोलून बसले होते, आणि ते सगळं त्या तेलात होतं. डब्यावर तळहात ठेवून ते तसेच बसले.

खोक्यातून पोस्टमास्तर म्हणत होते, “चला मग. ठेवतो आता. काळजी घ्या, जिथे असाल तिथे.”

“नाना, काय करायचं बोला! आतली जोडणी बदलून डाग द्यायला लाईट नाही इथं!”

“तार,” नाना एकदम म्हणाले. “एरियलची पिन काढ आन डब्याच्या भोकात घाल. मी बोललो की परत जाग्यावर. पळ!”

म्हणजे जे काम आतल्या रिलेनं करायचं ते मी करायचं. मी डबा उपटून फेकला, तेल माझ्या पँटीवर, पिन या भोकातून त्या भोकात. “बोला!”

नानांनी बटण दाबलं. “पोस्टमास्तर! मी नाना! थांबा! ठेवू नका!” बटण सोडलं. मी पिन परत या भोकात घातली.

नुसती खरखर. एवढी खरखर मी जन्मात ऐकली नाही. हिरड्याची पानं, वारा, माझी छाती, सगळी तिच्यातच.

मग तो म्हातारा आवाज आला. हळू, दबकत.

“नाना? नाना, तुम्हीच काय हो? पाच वर्षं... पाच वर्षं होता कुठे तुम्ही?”

मी पिन फिरवली आणि मान हलवली. नानांनी बटण दाबलं. इतका वेळ डब्याला एवढं सगळं सांगणारा माणूस, त्याचे ओठ नुसतेच हलले. समोर दरीतून ढग वर येत होते. काटा शून्यावर पडून होता.

“घरीच व्हतो,” नाना म्हणाले.