वाचणाऱ्या भावास सलाम

परदेशात राहून आलेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, तिकडं सगळ्यात जास्त कशाची आठवण यायची? त्यांना भाकरी, आंबे असलं काहीतरी ऐकायचं असतं. मीही बरीच वर्षं 'ज्वारीची भाकरी' असं सांगून वेळ मारून नेली. खरं तर मस्कतला मला सगळ्यात जास्त छळलं ते माझ्या वडिलांच्या अक्षरानं. ते मला वाचता येत नव्हतं.

हे दुखणं खास आमच्याकडचं. वडील, म्हणजे आमचे अप्पा, बिदरकडच्या औरादला कचेरीत कारकून होते. त्यांची शाळा निजामाच्या काळातली, सगळी उर्दूत. घरात मराठी, बाजारात कन्नड, पण टाक हातात धरला की तो उजवीकडून डावीकडंच धावायचा. मराठी त्यांना वाचता यायचं, लिहायला बसले की मात्र पहिल्याच ओळीला घाम. मी मराठी शाळेत शिकलो. त्यामुळं माझं लिहिलेलं ते वाचायचे आणि त्यांचं लिहिलेलं मला कळायचं नाही. यात कुणाला काही विशेष वाटत नसे. आसपासच्या बऱ्याच घरांत हीच तऱ्हा होती.

मग छप्पन साली आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि कचेरीत कन्नडची परीक्षा आली. चाळिशी उलटलेले अप्पा संध्याकाळी माझी पाटी घेऊन ओसरीवर बसायचे आणि कन्नडची बाराखडी गिरवायचे. शेजारचे किराणा दुकानदार अण्णा ती तपासून द्यायचे. अप्पा दोनदा नापास झाले. मी तेव्हा दुसरीत होतो, मला भलतीच मजा वाटायची. एकदा तोंडावरच हसलो, तर पाटी पुसत ते शांतपणे म्हणाले, "हसायलास कामून? तुला न्हाई आलं तर मास्तर छडी मारतेत. मला न्हाई आलं तर घरची चूल बंद पडती." तिसऱ्यांदा पास झाले तेव्हा त्यांनी पेढे वाटले नाहीत. मला नवी पाटी आणून दिली.

मोठा झाल्यावर मी नकाशे काढायच्या कामावर मस्कतला गेलो. घरची पत्रं आधी धाकटी बहीण लिहायची. ती लग्न होऊन उदगीरला गेली आणि अप्पांनी स्वतःच पेन उचललं. पहिलं उर्दू पत्र आलं तेव्हा मी ते किती वेळ नुसतं हातात धरून बसलो. शेवटी आमच्या कॅम्पमधल्या चाचांकडं गेलो. चाचा गुलबर्ग्याचे. कंपनीची गाडी चालवायचे, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे.

शुक्रवारी सुट्टी. दुपारचं जेवण झालं की चाचा चष्मा लावून अप्पांचं पत्र मोठ्यानं वाचायचे. तूर बरी आली, कमलनगरला जाऊन बैल आणला, म्हैस व्याली, आई ठीक आहे. डोळे मिटून ऐकलं की मला ओसरीवर बसल्यासारखं वाटायचं. बाहेर रणरणतं वाळवंट आणि आत आमची म्हैस. चाचा मधेच एका ठिकाणी थांबायचे, घसा खाकरायचे आणि पुढं जायचे. मला वाटायचं, तेवढं अक्षर लागत नसेल.

पण खोटं कशाला बोलू, मला चाचांचा हेवा वाटायचा. वडील माझे आणि त्यांचं बोलणं आधी दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जायचं. अप्पांनी चाळिशीनंतर पाटी धरली होती, मी तर तिशीतच होतो. बाजारातून उर्दूचं पहिलं पुस्तक आणलं आणि कुणाला न सांगता रोज कामावरून आल्यावर अलिफ, बे गिरवू लागलो. मोठा माणूस मुलांच्या पुस्तकातली अक्षरं मोठ्यानं म्हणताना किती हास्यास्पद दिसतो ते मला तेव्हा कळलं. अप्पांची मी मनातल्या मनात कितीदा तरी माफी मागितली. सहा महिन्यांनी चार ओळी जमल्या. 'अप्पा, आता तुमची पत्रं मी स्वतः वाचणार' असं त्यांच्याच लिपीत लिहिलं आणि फुशारकीनं पत्र पेटीत टाकलं.

मग सराव करावा म्हणून दुधाच्या भुकटीच्या डब्यातली त्यांची जुनी पत्रं काढली. अलीकडं त्यांचं अक्षर मोठं होत चाललं होतं, ते मला सोयीचंच वाटलं. तूर लागली, बैल लागला. आणि चाचा जिथं थांबायचे तिथं, दर पत्रात, अशा ओळी होत्या:

'वाचणाऱ्या भावास सलाम. मुलाला ताप आला तरी तो सांगत नाही, लक्ष ठेवा.' पुढच्या पत्रात, 'उजव्या डोळ्यानं आता दिसत नाही. त्याला सांगू नका, नोकरी टाकून येईल.' आणि शेवटच्या पत्रात, 'डावाही चालला. अंदाजानं लिहितो आहे, वाचायला त्रास होत असेल तर माफ करा.'

मी तापानं पडलो तेव्हा चाचा खिचडीचं पातेलं घेऊन का आले होते, ते मला त्या दिवशी कळलं. तसाच त्यांच्याकडं गेलो आणि तडकलो. ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "मैं क्या करूं मियाँ? उनो मेरेकू लिखे थे, तुमकू नैं."

तीन आठवड्यांनी अप्पांचं पत्र आलं. मी ते स्वतः फोडलं, स्वतः वाचलं. सगळे ठीक आहेत, काळजी नसावी. तीन ओळी. सलाम नव्हता, डोळे नव्हते, काहीच नव्हतं. त्यांच्या जिवाचं बोलायचं एक ठिकाण होतं, तिथं मी शहाण्यासारखा जाऊन बसलो होतो.

महिनाभर भांडून रजा मिळवली. अप्पांना बिदरला नेलं, ऑपरेशन झालं, एका डोळ्यानं बऱ्यापैकी दिसू लागलं. परत निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो.

"तुला उर्दू वाचायला यायलंय म्हणं," अप्पा म्हणाले. आवाजात कौतुक होतं. पुढं म्हणाले, "मग मी आता खरं कुणाला लिहावं?"

मी म्हणालो, "कुठलं अप्पा. पुस्तकातलं छापील येतंय तेवढंच. तुमचं अक्षर मला लागत न्हाई. चाचाच वाचतेत."

"व्हय?" ते म्हणाले, आणि बऱ्या डोळ्यानं माझ्याकडं पाहत राहिले. त्यांना ते पटलं की नाही, मला माहीत नाही. पुढचं पत्र मात्र चांगलं दोन पानी आलं.

त्यानंतर अप्पा होते तोवर त्यांचं प्रत्येक पाकीट मी न फोडता चाचांच्या हातात दिलं. ते वाचायचे, मधेच थांबायचे, घसा खाकरायचे आणि पुढं जायचे. मी खिडकीबाहेर बघत बसायचो.

तो डबा अजून माझ्यापाशी आहे. आता मला उर्दू झरझर वाचता येतं. पण त्या रजेनंतरच्या पत्रांत चाचा जिथं थांबायचे, त्या ओळी मी अजून वाचलेल्या नाहीत. त्या मला लिहिलेल्या नव्हत्या.