बरोब्बर पाचचा खेळ

ठमीचे केस पिकायला लागले तरी वडिलांनी ठेवलेलं ते नाव काही सुटलं नाही. हाताने संथ आणि डोक्याने हट्टी, दुसरं काय नाव ठेवणार? लग्नांचे व्हिडिओ जोडून ती पोट भरायची आणि उरल्यासुरल्या वेळात सहा वर्षं खपून तिने एक सिनेमा केला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आपल्या वडिलांवर, म्हणजे नानांवर. ब्याऐंशी मिनिटांचा. त्यात मारामारी नाही की गाणं नाही. नाना घड्याळ कानाला लावतात, "तेल वाळलंय याचं," म्हणतात, आणि मग ते उघडतात. पण बघणारा खुर्चीवरून हलत नाही, हे मी स्वतः बसून बघितलंय.

नानांनी मात्र तो बघितला नव्हता. "माणसं बसली की बघीन," ते म्हणायचे. "घरात एकट्याने बघायला तो काय आरसा आहे?"

एका वितरकाला सिनेमा आवडला. माणूस भला. ठमीला बोलावून त्याने स्वतः चहा ओतून दिला आणि कागद पुढे ठेवला. सात वर्षं सगळे हक्क त्याच्याकडे. थिएटरं तो मिळवणार, जाहिरात तो करणार. फक्त पडद्यावर यायला दीड वर्ष लागेल आणि तोवर बाहेर कुणाला दाखवायचा नाही.

नाना खूश झाले. "सही कर. ज्याचं काम त्यानेच करावं. मी घड्याळाचे पट्टे शिवतो का? विकतच आणतो ना?"

बोलणं बरोबर होतं, पण नानांचे डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांनी दाराबाहेर ठमीला सांगितलं होतं की सहा महिने धरून चाला, पुढे नुसता उजेड-अंधार कळेल. ही गोष्ट तिने मनातच ठेवली. वितरकाला हात जोडून नाही म्हणाली आणि सिनेमा स्वतःच इंटरनेटवर लावायचं ठरवलं. लिंक घ्यायची, तिकिटाचे पैसे भरायचे आणि महिनाभरात कधीही बघायचं.

"कधीही म्हणजे कधी?" नाना वैतागले. "कधीही म्हटलं की माणूस कधीच येत नाही. आणि तुला ओळखतं कोण?"

ठमी तरी कामाला लागली. पोस्टर तिने केलं, झलक कापली, चार दिवस सगळीकडे टाकत बसली. अकरा तिकिटं गेली, त्यातली तीन मावशीच्या घरची. रात्रभर तिला त्या वितरकाचा चहा आठवत राहिला.

सकाळी नानांनी माळ्यावरचे बिस्किटांचे डबे खाली काढायला लावले. आत चिठ्ठ्या. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला ते चिठ्ठी बांधायचे. माणसाचं नाव, फोन, घड्याळाचं दुखणं. एकही फेकलेली नव्हती. ठमी वाचून नंबर लावायची आणि नाना बोलायचे.

"काटा अडकायचा ते घड्याळ कसं आहे? चालतंय? शाब्बास. रविवारी माझा सिनेमा आहे. लिंक मुलगी पाठवेल. बरोब्बर पाच वाजता. उशीर केलात तर दार बंद."

ठमीने कपाळावर हात मारला. "नाना, दार नाहीच आहे. महिनाभर उघडंच असतं ते."

"तू गप्प बस. खेळ म्हटला की वेळ पाहिजे."

तीन दिवस हेच चाललं. मधेच एकदा फोन खाली ठेवून ते सहज म्हणाले, "तो डॉक्टर हळू बोलला, पण मी आयुष्यभर टिकटिक ऐकलीय गं. दाराबाहेरचं ऐकू येणार नाही होय मला?" ठमीला रडू आवरेना. नानांनी तिला रडू दिलं आणि मग पुढची चिठ्ठी मागितली.

रविवारी नाना इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीपासून हातभर अंतरावर बसले. पाच वाजत आले आणि ठमीच्या मोबाइलवर लिंक उघडणाऱ्यांचा आकडा चढायला लागला. चाळीस, नव्वद, दोनशे सहा. जो तो आपापल्या घरी, पण सगळे एकाच वेळी.

"बसली माणसं?" नानांनी विचारलं.

"बसली. दोनशेच्या वर."

"मग लाव."

ब्याऐंशी मिनिटं ते हलले नाहीत. मधे एकदाच म्हणाले, "हात बघ कसे स्थिर होते." सहा बावीसला सिनेमा संपला आणि फोन वाजला. तो ठेवेपर्यंत दुसरा, मग तिसरा. सगळ्यांचा खेळ एकदमच सुटला होता. थिएटरातून बाहेर पडणारी गर्दी ठमीने त्या फोनवर ऐकली. वितरकाने याच्या शंभरपट माणसं जमवली असती, हे तिला माहीत होतं. तरी तिला त्या घटकेला कशाचीच खंत वाटली नाही.

एका बाईंनी भीतभीत विचारलं, यजमानांचं घड्याळ दोन वर्षं बंद आहे, आता तुमचं दुकान नाही, तरी आणू का?

"आणा की," नाना म्हणाले. "मला दिसायचं कमी झालंय, पण कानाला लावून दुखणं सांगीन. उघडायला मुलगी आहे. सहा वर्षं माझ्या हातांकडेच बघत होती ती."