उजवीकडे गेलेली टोपी

मला तो दिसला होता. हे वाक्य मी वर्षभर कुणासमोर बोललो नाही, बायकोसमोरही नाही. म्हणून आधी तेच लिहून टाकतो. नाहीतर मी पुन्हा जिनिंगच्या सीझनबद्दल, गुडघ्याबद्दल, समोरून येणाऱ्या वाऱ्याबद्दल बोलत बसेन आणि हे राहून जाईल.

तो म्हणजे आमचा वायरमन. गाव वालूर, नोकरी विजेच्या खात्यात, घरी मेंढरं. मी सेलूतल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे, वय अठ्ठेचाळीस. आमच्यातल्या तिसऱ्या म्हणजे मानवतच्या दातांच्या डॉक्टर. त्यांना आम्ही नुसतं मॅडम म्हणतो. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं आणि सायकल टाकून पळायचं, हे खूळ त्यांनीच आणलं. दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल, दहा पळणं. सेलूच्या बाजारात कुणाला सांगितलं तर पहिला प्रश्न एकच, "कामून?" कशासाठी, याचं उत्तर तिघांपैकी कुणालाच नीट देता आलं नाही.

मोबाइलवर आमचा तिघांचा ग्रुप होता. मॅडम सकाळी दहा किलोमीटर पळून येऊन मग लोकांचे दात काढायच्या. त्या लांबलचक बोलून पाठवायच्या. आज पिंढरी धरली, आज कुत्रं मागं लागलं म्हणून वेळ चांगली आली, आज उठवलंच नाही. वायरमन फोटो टाकायचा, बहुतेक पंक्चरचे. वालूरच्या रस्त्यावर बाभळीचे काटे एवढे, की त्याच्या सायकलीची ट्यूब ठिगळांचीच झाली होती. मी फक्त अंगठा पाठवायचो. चांगलं झालं तरी अंगठा, वाईट झालं तरी अंगठा. माझा स्वभावच तसा, असं मी म्हणायचो. आता वाटतं, अंगठ्यामागं काहीही लपतं.

वायरमनचे पाय म्हणजे मेंढरामागं चाललेले पाय. पळण्यात तो आम्हाला पहिल्या महिन्यातच मागं टाकून गेला. पण त्याला पोहता येत नव्हतं. त्यांच्या घराचा रिवाजच तसा. कातरणीच्या आधी मेंढरं धुवायला पाण्यात उतरायचं ते कमरेपर्यंत, त्याच्या वर पाणी आलं की मागं फिरायचं. त्याचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते अभिमानानं सांगायचे की आमच्यात कुणी बुडालं न्हाई, कारण कुणी पवलंच न्हाई. वायरमनला मेडलचं फारसं नव्हतं. आबांच्या डोळ्यांसमोर खोल पाण्यातून बाहेर यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

मी त्याला माझ्या भावाच्या विहिरीत शिकवलं. त्रेचाळीस वर्षांचा गडी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पायरीवर उभा, आणि वर काठावर माझ्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या.

"वायरमन, खांबावर चढता तव्हा भ्या वाटत न्हाई, आन् इथं पाय कामून कापायलेत?"

"वहिनी, मी लाइन बंद करून चढतो. ही हीर कुठून बंद करू?"

वहिनी हसल्या, पण एक गोष्ट त्यांनी हसता हसता पक्की सांगितली. विहिरीच्या कपारीत आसरांचे सात खडे आहेत, शेंदूर लावलेले. पाण्यातल्या देवी त्या. "गोल फिरायचं तर परदक्षिणेसारखं फिरा. उलटं फिरू नगा आसरांम्होरं." आम्ही मानलं. वर्षभर तो त्या गोल विहिरीत एकाच बाजूनं फिरला. उजव्या हाताला विहिरीचा मध्य, डाव्या हाताला दगड. आधी डबा बांधून, मग डबा सोडून, मग न थांबता शंभर फेरे. मला तो वस्ताद म्हणायला लागला. तालमीतल्यासारखं.

मी लहानपणी नदीत शिकलो, त्यामुळं माझ्या अंगात ते वळण नाही. त्याच्या अंगात ते भरलं. मला हे कळलं रेसच्या महिनाभर आधी, एका रविवारी. दुधना नदीच्या धरणाच्या पाण्यावर आम्ही दोघंच गेलो होतो. पाण्यातून वर आलेला बाभळीचं एक वाळकं खोड दाखवून मी म्हणालो, तिथपर्यंत जा. तो गेला. म्हणजे निघाला. पाण्यात तोंड घालून, एका दमात, सुंदर हात टाकत तो उजवीकडं वळत गेला आणि खोडापासून कितीतरी लांब, कुणाच्या तरी बुडालेल्या बांधापाशी जाऊन उभा राहिला.

परत आल्यावर धापा टाकत म्हणाला, "कसं झालं वस्ताद?"

मी म्हणालो, "दम लय चांगला हाय."

खोटं नव्हतं ते. पण मोकळ्या पाण्यात दर आठ-दहा हातांनी डोकं वर काढून समोर बघायचं असतं. मला ते येतं, मी ते करतो, आणि मी त्याला ते सांगितलं नाही. त्याला वाटलं होतं की वाऱ्यानं पाणी ढकललं.

का नाही सांगितलं? इथं माझं डोकं अजून चालत नाही. त्याच आठवड्यात त्यानं सेलू-वालूर रस्त्यावर मला सायकलीतही हरवलं होतं, आणि मॅडमनी ग्रुपवर टाकलं होतं की चेला वस्तादाच्या पुढं गेला. मी अंगठा पाठवला होता. ते कारण असेल. किंवा मला वाटलं असेल की आता सांगून हा घाबरेल, आहे तोही दम जाईल. किंवा पुढच्या रविवारी सांगू, असं. पुढच्या रविवारी जिनिंगचा रोलर तुटला. खरंच तुटला होता, मी दिवसभर सरकीच्या ढिगाशेजारी ग्रीसमध्ये बसलो होतो. पण तो तुटल्याचं मला बरं वाटलं का? आठवत नाही. आठवत नाही असं लिहितानाही वाटतं, बरं वाटलं असणार.

रेस दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका तलावावर होती. आबा आले होते, धुवट धोतर, पटका, खांद्यावर घोंगडी. पाण्यातून बाहेर यायच्या जागेसमोरच त्यांनी घोंगडी टाकली आणि बसले. चाळिशीच्या वरच्या आम्हा सगळ्या पुरुषांना पिवळ्या टोप्या दिल्या होत्या. शिट्टी झाली. दोन-तीनशे हातांनी पाणी एकदम फेसाळलं.

वळायची खूण म्हणून पाण्यावर बांधलेल्या पहिल्या नारिंगी फुग्याकडं निम्मं अंतर गेलं असेल. मी डोकं वर काढलं. एक पिवळी टोपी एकटीच उजवीकडं चालली होती, लव्हाळ्याच्या दिशेनं. उजवा कोपर खूप वर यायचा त्याचा, खांबाची पुढची पायरी धरायला यावा तसा. चूक व्हायला जागाच नव्हती. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर नाववाला होता. एक हाक मारली असती तर त्यानं नाव वळवली असती.

मी तोंड पाण्यात घातलं.

पुढच्या वेळी वर काढलं तेव्हाही तो दिसला. तिसऱ्या वेळीही. त्यानंतर मी उजवीकडं श्वास घ्यायचंच सोडून दिलं.

त्या दिवशी माझी वेळ आजवरची सगळ्यात चांगली आली. पळताना गुडघा दुखला नाही. गळ्यात मेडल घालून मी वळलो तर समोर आबा उभे. नाववाल्यांनी वायरमनला लव्हाळ्यातून उचलून तिकडच्याच काठावर सोडलं होतं, तोपर्यंत पोहायची ठरलेली वेळ संपली होती. घोट्याला बांधलेली वेळ मोजायची चिप काढून घेतली होती. तो अनवाणी तलावाला वळसा घालून, गाड्या लावल्या होत्या त्या बाजूनं, आबांच्या पाठीमागून आला होता. अंग निम्मं वाळलेलं.

आबांनी मला विचारलं, "तुमी संगं व्हता न्हवं? ह्यो पाण्यात दिसला का तुमाला?"

"न्हाई आबा. येवढ्या गर्दीत कुठं दिसतंय."

परतताना जीपमध्ये मॅडमनी विचारलं की असं झालं कसं. वायरमन हसत म्हणाला, "वस्ताद एक डाव राखून ठिवतो म्हणतेत ना, त्यो हाच आसंल." सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच.

त्यानंतर तो विहिरीवर आला नाही. छातीत काहीतरी कमी आहे असं त्यानं धरलं. परभणीला जाऊन तपासण्या करून आला, सगळ्या चांगल्या निघाल्या. तरी म्हणायचा, माझ्या अंगात पाणीच न्हाई. मॅडम त्याला ग्रुपवर चिडवायच्या, समजवायच्या, शेवटी रागवायच्या. मी अंगठा. परवा नव्या सीझनचे फॉर्म भरायची वेळ आली, तेव्हा त्यानं लिहिलं, माझं नाव नका धरू, सायकल बी काढायलाव.

सायकल विकायची गोष्ट वाचून मी वालूरला गेलो. त्याला ड्युटीवरून हॉटेलात बोलावून घेतलं आणि चहा यायच्या आत सगळं सांगितलं. धरणावरचं, तलावावरचं, तीन वेळा दिसलेलं. हे सांगताना मी त्याच्या तोंडाकडं नाही, त्याच्या पकडीच्या पिशवीकडं बघत होतो.

चहा आला, तो त्यानं पुढं ओढला. मग म्हणाला, "म्हंजी माझा दम कमी न्हवता?"

"न्हवता."

"हाक मारली आस्ती तर?"

"वेळेत निघाला असतास."

मला वाटलं आता उठेल, निदान कप आपटेल. मी तयारीनं बसलो होतो. त्यानं भलतंच विचारलं.

"आन् आबाला न्हाई कामून म्हणलात?"

ते मी विसरलोच होतो. खरं सांगतो, माझ्या पापांच्या यादीत ते नव्हतंच. ते मला एक साधं उत्तर वाटलं होतं, वेळ मारून न्यायचं.

"आबाला वाटतंय मी उतरलोच न्हाई," तो म्हणाला. "त्येंनी मला बाहीर येताना बघितलं न्हाई. मी मागून आलो. आन् तुमी संगं असून तुमाला दिसलो न्हाई. मंग काय ऱ्हायलं? वर्ष झालं, मी सांगितलं की हसतेत. पावण्याला सांगतेत, पोरगं भेलं, झाडामागं बसलं."

"मला म्हाईत न्हवतं रे."

"तुमाला लय गोष्टी म्हाईत नस्तेत वस्ताद." पहिल्यांदाच तो शब्द मला लागला. "शिव्या मी नंतर घालतो. आधी आबाकडं जावा."

आबांचा कळप गावाबाहेर, कापूस उपटून मोकळ्या केलेल्या एका रानात लेंडीखतासाठी बसवला होता. आबा एका मेंढीचा खूर धरून काटा काढत होते. मी उभ्यानंच सांगितलं. मला तो दिसला होता आबा, पाण्यात होता, चांगला पवत होता, मी खोटं बोललो. त्यांनी काटा काढला, मेंढी सोडली, हात धोतराला पुसले. रागावले नाहीत. त्यामुळं मी आणखी गोंधळलो. माफी मागायची तर कशाची आधी मागायची?

"किती लांब गेला व्हता?" त्यांनी विचारलं.

मी रानात बघितलं. "त्या डीपीपासून," बांधावरची विजेची डीपी दाखवून मी म्हणालो, "त्या तिकडच्या चिंचंपर्यंत. वाकडा वाकडा."

"आन् तुमी तव्हा कुठं व्हता?"

"त्या कडब्याच्या गंजीपाशी."

आबांनी डोळ्यावर हात धरून आधी गंज बघितली, मग चिंच. "मंग ह्यो तुमच्यापरीस जास्त पवला की."

"व्हय." हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"खाली पाणी किती?"

"चार परस तरी आसंल." चार माणसं एकाच्या डोक्यावर एक उभी राहतील एवढं. आबा त्या चार माणसांकडं बघितल्यासारखे खाली जमिनीकडं बघत राहिले.

"लावा त्याला," ते म्हणाले.

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांना फोन कानापासून लांब धरायची सवय आहे, आणि बोलायचं ते रानाच्या पलीकडं ऐकू जाईल असं.

"आरं, चार परस पाणी व्हतं म्हणं! ... व्हय. हे आलेत, हेच सांगायलेत ... बरं. येताना मेंढरांला मीठ घिऊन ये."

आणि बंद न करताच फोन त्यांनी माझ्या हातात दिला, नि दुसऱ्या मेंढीचा खूर धरला. मी फोन कानाला लावला. पलीकडं तो होता, त्याचा श्वास ऐकू येत होता.  त्यानं शिव्या घालाव्यात म्हणून थांबलो. तो घालत नव्हता, फोनही ठेवत नव्हता. आबांनी दोनदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी ठरवलं, तो बोलेपर्यंत मी फोन ठेवायचा नाही.